वहिनीला परत आणलं तर भाऊ शांत होईल का?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. भाऊ ज्या यंत्रमाग कारखान्यात होता तो दिवाळीनंतर बंद पडला. पाठोपाठ वडील गेले. दारू वाढली. एका रात्री त्याने घरात पडलेला मागाचा लाकडी धोटा फेकून मारला, वहिनीच्या कपाळाला टाके पडले. ती मुलांना घेऊन अक्कलकोटला माहेरी गेली. आता फोनवर "नांदायला आली नाहीस तर बघून घेईन" म्हणतो. आई म्हणते, एवढं एकदम कोसळल्यावर डोकं फिरणारच. वहिनी आली की येईल ठिकाणावर. येईल का? – एक बहीण

उत्तर : ताई, वहिनींना आणू नका. कारणं नंतर वाचा.

कोसळलंय हे खरंच. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 उलथापालथींना गुण दिले : जोडीदारापासून वेगळं होणं 65, घरातलं माणूस जाणं 63, नोकरी सुटणं 47. भावाची बेरीज 175. पण तो तक्ता आजारपणाचा अंदाज घ्यायला केला होता, धोटा कोण फेकेल हे सांगायला नव्हे. पूर्व भागात माग बंद पडलेली घरं काय थोडी आहेत? कुणी रिक्षा धरली, कुणी भिवंडी गाठली, बायका विड्या वळत राहिल्या. शिवाय सासरा वहिनींचाही गेला, पगार त्यांच्याही घरातला थांबला. त्यांनी कुणाला काय फेकून मारलं?

कारागृहात समुपदेशनाला जात असे तेव्हा कर्ज, नोकरी, भाऊबंदकी सगळं ऐकलं. पण शेवटी गाडी "ती तशी वागली नसती तर..." इथेच यायची. ताणापेक्षा मला त्या वाक्याची भीती वाटते. आधी उगारलेला हात, दारू, धमकी आणि सोडून गेलेली बायको, हे सगळं तुमच्या पत्रात आहे. बायको घर सोडते तो काळ तर सर्वांत जोखमीचा.

वहिनींना एकट्यात विचारा : कधी गळा दाबला होता का? 'हो' आलं तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा. धमकीचे मेसेज पुसू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. महिलांसाठी 181, जिवावर बेतलं तर 112.

भावाला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. आधी नुसतं बोलायचं असेल तर 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही.

मुलांना भेटायचंच म्हणाला, तर प्यालेला नसताना, अक्कलकोटलाच, वहिनी राजी असतील तर आणि तुम्ही समोर बसून.