‘नरलांडगा’ की ‘लांडगामाणूस’?

स्पॅनिश अभिनेता पॉल नास्चीच्या जुन्या भयपटांवर लिहिताना ‘ओम्ब्रे लोबो’ला, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाला, मराठीत ‘नरलांडगा’ म्हणावं का, आणि व्हॅम्पायरला ‘वेताळ’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

‘नरलांडगा’ मला पटत नाही. तो नरसिंहाच्या धर्तीवर घडवलाय हे कळतं, पण लांडग्यापुढे ‘नर’ आला की ऐकणाऱ्याला जोडीची मादी आठवते. शिवाय नरसिंह एकाच वेळी दोन्ही असतो. हा पौर्णिमेच्या रात्री लांडगा, एरवी माणूस. स्पॅनिशमध्येही मुख्य शब्द ‘ओम्ब्रे’, म्हणजे माणूस. म्हणून अनेकवचन ‘ओम्ब्रेस लोबो’ होतं, ‘लोबो’ (लांडगा) आहे तसाच राहतो. असल्या मराठी समासात मुख्य शब्द शेवटी येतो, तेव्हा ‘लांडगामाणूस’ म्हणा. ‘लांडगेमाणूस’ मात्र नको. ‘लांडगेतोड’ करायला पुष्कळ लांडगे लागतात, इथे एकच आहे. ‘वृकमानव’ (वृक म्हणजे लांडगा) व्याकरणाला धरून आहे, पण वृकोदर भीमापलीकडे हा ‘वृक’ कुणाच्या कानावर पडतो?

माणूस मुख्य असणं या चित्रपटांनाही साजतं. नास्चीने (खरं नाव हासिंतो मोलिना, एकेकाळचा वेटलिफ्टर) १९६८च्या ‘ला मार्का देल ओम्ब्रे लोबो’त वाल्देमार दानिन्स्की हा लांडगामाणूस उभा केला. स्पॅनिश माणूस असा राक्षस होतो हे स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या सेन्सॉरला खपलं नाही, म्हणून तो पोलिश झाला. १९७१च्या ‘ला नोचे दे वाल्पुर्गिस’च्या सुरुवातीला शवविच्छेदन करणारे डॉक्टर त्याच्या छातीतल्या चांदीच्या गोळ्या काढतात आणि तो उठून बसतो. पण त्याला जगायचंच नसतं. प्रेम करणाऱ्या बाईच्या हातून मरण यावं, एवढीच त्याची आस. ही तगमग लांडग्याची नव्हे, माणसाची.

‘वेताळ’ तर मुळीच नको. वेताळ भुतांचा राजा. कोकणात आणि गोव्यात त्याची देव म्हणून पूजा होते. ‘वाल्पुर्गिस’मधली व्हॅम्पायर, सरदारीण वांदेसा, थडग्यातून उठते ती तिच्या मृतदेहावर ठिबकलेल्या रक्तामुळे. पहिल्या उल्लेखाला ‘रक्तपिशाच’ लिहा, पुढे सरळ ‘व्हॅम्पायर’. क्रियापदही सांभाळा. आपल्याकडे पिशाच्च लागतं, झपाटतं, आणि मांत्रिकाने उतरवलं की माणूस पूर्ववत होतो. वांदेसा चावते, आणि जिला चावते ती स्वतःच व्हॅम्पायर होते. तिथे ‘झपाटलं’ लिहिलंत तर वाचक उतारा शोधत बसेल.