लेबलशिवाय (म्हणजे गाणी रेकॉर्ड करून विकणाऱ्या कंपनीशिवाय) स्वतःची गाणी लिहून गिटारवर गाणाऱ्याचं करिअर होतं का?

होतं की, पण वेळ लागतो. आनी डिफ्रँको बघा, अमेरिकेतल्या बफेलोची गायिका, जन्म 1970 चा. मोठ्या कंपन्या मागे लागल्या तरी नाहीच म्हणाली, 1990 मध्ये स्वतःचंच 'राइटियस बेब' लेबल काढलं आणि मग कॉलेजं, बार, फोक फेस्टिव्हल असं गावोगावी फिरत कॅसेट विकायच्या, त्यातूनच ऐकणारे वाढत गेले. गिटार इतकी तडातड वाजवते की खोटी नखं टेपने गुंडाळून बसवावी लागतात, वर बऱ्याच गाण्यांना तारांचं ट्यूनिंग वेगळं (स्टेजवर म्हणजे डोक्याला ताप!). पण खरी हुशारी मला तिच्या हिशोबात दिसते, मास्टर्स, म्हणजे गाण्यांची मूळ रेकॉर्डिंग्ज, स्वतःकडे म्हणून पैसाही स्वतःकडे. नंतर बफेलोतलंच एक पडायला आलेलं जुनं चर्च वाचवून तिथे हॉल आणि लेबलचं ऑफिस केलं.