नाण्यांची भीती नाही, माणसांची वाटते

काका आले होते झोपेच्या तक्रारीसाठी. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. मुलीनं जवळजवळ ओढूनच आणलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दिवस कसा जातो विचारलं तर गप्प. छंद विचारला तेव्हा मुलगीच म्हणाली, "बाबांकडे नाण्यांचा डबा आहे की!"

मग काका बोलायला लागले. तिकिटाच्या पैशांत वेगळं नाणं आलं की पिशवीत स्वतःच्या खिशातले तेवढेच पैसे टाकायचे आणि ते नाणं बाजूला ठेवायचं. डेपोचा हिशेब कधी चुकला नाही. कमळाचं पितळी वीस पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, सहा कोनांचं अॅल्युमिनियमचं वीस पैसे. जून 2011 अखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा काकांना खरंच वाईट वाटलं होतं.

गावात संग्राहकांचं मंडळ आहे, महिन्यातून एकदा जमतात. काका हॉलच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आलेले. "मॅडम, तिथं डॉक्टर, वकील. शिवराई, मुघल मोहरा असलं बोलणं. माझ्याकडं काय, चिल्लर! आधी थोडा अभ्यास करतो, मग जातो."

हे 'आधी अभ्यास करतो' मी फार ऐकते. भजनी मंडळ असो, ट्रेकिंगचा ग्रुप असो, नवख्याला वाटतं की दारातच तोंडी परीक्षा होणार. अभ्यास ही टाळण्याची सभ्य पद्धत आहे आणि ती कधीच पुरी होत नाही. म्हणून धीर देण्याऐवजी मी डबाच आणायला सांगितला.

पुढच्या भेटीत त्यांनी एकाच सालाचे रुपये टेबलावर मांडले. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. मी इतकी वर्षं सुट्टे मोजतेय, सालाखाली कधी पाहिलं नव्हतं. "हेच घेऊन जा," म्हटलं. "डबा नको. एवढी चार नाणी आणि एक प्रश्न, जो तुम्हाला खरंच पडलाय."

प्रश्न महत्त्वाचा, कारण जुन्या संग्राहकाला ऐकणारा माणूस हवा असतो. पहिल्या दिवशी विचारणाऱ्याचं कुणाला ओझं होत नाही.

बाकी तयारी साधी. आयोजकांना आधी फोन. वेळेच्या थोडं आधी पोचायचं. खुर्च्या मांडताना ओळख सोपी जाते, भरल्या हॉलमध्ये शिरणं अवघड. कंटाळा आला तर अर्ध्यात उठायची मुभा. पहिल्या खेपेला खरेदी-विक्री, अदलाबदल काही नाही. काका नाणी पितांबरीनं घासून न्यायच्या बेतात होते! ते थांबवलं. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांत उतरते; नाणं कडेनं धरायचं, एवढं पुरे.

फसवणुकीची भीती मात्र मी उडवून लावली नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असले निरोप त्यांच्याही फोनवर येत होते. अशा व्यवहारांत आपलं नाव वापरून शुल्क, कमिशन मागितलं जातंय, आपण यात कुठेही नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये जाहीर बजावलं होतं. आधी पैसे मागणारा माणूस मंडळात भेटला तरी नाही म्हणायचं, हे ठरलं.

काका गेले. एक गृहस्थ लिलावाबद्दलच बोलत राहिले, त्याचा कंटाळा आला म्हणाले. पण शिवराई पहिल्यांदा हातात घेतली, 'श्री राजा शिव' ही अक्षरं वाचली. चहाच्या वेळी एका कॉलेजच्या मुलानं नोएडाचा ठिपका दाखवा म्हणून त्यांना धरून ठेवलं. पुढच्या बैठकीला त्याच्यासाठी दुबार नाणी न्यायची आहेत.

झोप अजून तुटक आहे. त्यावर आमचं काम चालू आहे. दुपारची तासभर डुलकी सोडायला काका तयार नाहीत.