पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहा

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी मराठ्यांचा इतिहास दोनदा वाचला, तरी पेशव्यांचा क्रम चुकतो. काय करावे?

उत्तर : तिसऱ्यांदा वाचण्याऐवजी प्रकरण संपताच पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर उतरवावे आणि मग ताडून पाहावे, कारण ओळखीचा मजकूर पुन्हा नजरेखालून घातला की तो पाठ झाल्याचा नुसता भास होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये दाखवल्याप्रमाणे विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी, पुढच्या वाढत्या अंतराने. क्रमासाठी स्वतःचे घर वापरावे, म्हणजे मनातल्या मनात दारातून आत जात एकेका जागी एकेक पेशवा उभा करावा : उंबरठ्यावर बाळाजी विश्वनाथ, ओसरीवर घोड्यासकट चढलेला पहिला बाजीराव, माजघरात नानासाहेब, स्वयंपाकघरात माधवराव. चित्र जितके विक्षिप्त, तितके बरे. पानिपतच्या पराभवाची कारणे मात्र अशी खोल्यांत मांडून भागत नाही. ती स्वतःच्या शब्दांत कुणाला तरी समजावून सांगावीत.