वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात शास्त्रीय नोंदी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं 'क' वर्ग वाचनालय. दर मे महिन्यात बालविभागाचं पंधरा दिवसांचं शिबिर असतं. यंदा गोष्टी आणि हस्तकलेच्या जोडीला मुलांकडून खऱ्या शास्त्रीय नोंदी करून घ्यायचा विचार आहे. मुलं तीसेक, मी एकटी ग्रंथपाल, खर्चाला फार तर हजार रुपये. काय घ्यावं?
– ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : एकच विषय घ्या. आज पक्षी, उद्या फुलपाखरं, परवा आकाशदर्शन अशाने मुलांचा वेळ मजेत जातो, पण उपयोगाची नोंद एकही हाती लागत नाही. एकच गोष्ट, त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा पाहिली तरच तिचा कुणाला उपयोग.

एकटीला झेपेल असा विषय म्हणजे झाडं. 'सीझनवॉच' या देशभर चालणाऱ्या उपक्रमात एक झाड निवडून त्याची पानं, फुलं, फळं दर आठवड्याला पाहायची आणि नोंद त्यांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाकायची असते. पाच-पाच मुलांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला वाचनालयापासून पाच मिनिटांच्या अंतरावरचं एक झाड द्या. बहावा, आंबा, चिंच, कडुनिंब, जांभूळ, करंज यांपैकी काही ना काही गावात असतंच. शेंडा दिसत नाही असं उंच झाड टाळा. खूण म्हणून पुठ्ठ्याचा क्रमांक सुतळीने सैल बांधा. खिळा ठोकू नका. शिंप्याच्या टेपने जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा घेर मोजून ठेवा.

तक्त्यात नवी पानं, जून पानं, वाळकी पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं असे रकाने येतात. प्रत्येकात 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर' एवढंच लिहायचं. झाडाच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत असेल तर थोडी, त्यापुढे भरपूर.

चुका कुठे होतात ते बहाव्याखाली उभं राहिलं की कळतं. मुलांना पिवळं झुंबर दिसतं आणि 'फुलं भरपूर' लिहून ती मोकळी होतात. त्याच घोसाच्या खालच्या टोकाला मिटलेल्या कळ्या असतात, फांद्यांवर गेल्या हंगामातल्या काळ्या, हातभर शेंगा लोंबत असतात. त्या रकान्यांत काहीच जात नाही. म्हणून रकाने वाटून द्या. एकाने फक्त पानं पाहायची, दुसऱ्याने कळ्या, तिसऱ्याने शेंगा, आणि झाडाला पूर्ण फेरी मारल्याशिवाय कुणी लिहायचं नाही. खाली पडलेला सडा धरायचा नाही. जे दिसलं नाही त्यापुढे 'नाही' लिहायचंच. रकाना कोरा राहिला तर ते पाहिलंच नव्हतं असा अर्थ होतो.

पंधरा दिवसांत जेमतेम तीन नोंदी होतील. खरा उपयोग पुढे आहे. शाळांतून चालणाऱ्या नोंदींना मे महिन्यात खंड पडतो. वाचनालय मात्र उघडं असतं. नोंदवही देवघेवीच्या टेबलावरच ठेवा. जूनमध्ये पुस्तक बदलायला आलेलं मूल झाड पाहून येईल.

प्रश्न : पक्षीगणनेत आमची मुलं आकडे फुगवतात. अशा नोंदी पक्ष्यांच्या नोंदींच्या 'ईबर्ड' या संकेतस्थळावर टाकाव्यात का?
– वाचक, नाशिक

उत्तर : आकडे फुगतात ते बहुधा खोटेपणाने नव्हे. एकच घार घिरट्या घालत पाचदा डोक्यावरून जाते आणि मुलं पाच घारी मोजतात. नियम असा ठेवा : पक्षी वेगवेगळे असल्याची खात्री नसेल तर एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले तेवढेच धरायचे. सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान, एका जागी बसून, १५ मिनिटं. गटात लिहिणारा एकच.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. मुलं खंड्या आणि तांबट लिहितात, कावळे-पारवे 'त्यात काय' म्हणून सोडतात. ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत नसतील, तर यादी पूर्ण आहे का या 'ईबर्ड'च्या प्रश्नाला 'नाही' असंच उत्तर द्या. कावळाही नीट पाहायला लावा : मान राखाडी तो गावकावळा, सगळा काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. ठरत नसेल तर नुसतं 'कावळा, जात अनिश्चित'. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर 'ग्लोबल बिग डे' हा पक्षी नोंदवण्याचा दिवस असतो. शिबिर तेव्हा चालू असेल तर तो दिवस धरा.

प्रश्न : बाटलीच्या पर्जन्यमापकाचे आकडे दरवेळी वेगळे का येतात?
– शिक्षक, सिंधुदुर्ग

उत्तर : बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून पट्टी चिकटवून वाचलेला आकडा चुकतो. तळात पाणी भरून शून्याची रेघ ओढली, तर मेच्या उन्हात ते आटतं आणि वळवाची लहान सर त्यातच जिरते. पट्टी सोडून द्या. सरळ कडांची दोन लिटरची बाटली खांद्याच्या खाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा आणि साचलेलं पाणी औषधाच्या दुकानातल्या सुईविना सिरिंजने मोजा. कापलेल्या रुंद तोंडाचा आतला व्यास १० सें.मी. असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौ.सें.मी., म्हणजे १ मिमी पावसाला ७.८५ मिली पाणी. ५५ मिली निघालं तर पाऊस ७ मिमी. तुमच्या बाटलीचा व्यास मोजून हा भागाकार एकदाच करून ठेवा.

तोंड जमिनीपासून ३० सें.मी. वर हवं, भोवती विटा लावा. फरशीवर ठेवलं तर शिंतोडे उडून आत जातात, भिंतीलगत पाऊस अडतो. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला. पाऊस नसेल तर ० लिहा. अमेरिकेत १९९७च्या फोर्ट कॉलिन्सच्या पुरानंतर 'कोकोरॉझ' हे स्वयंसेवकांचं पाऊस मोजण्याचं जाळं सुरू झालं. तिथेही शून्याची नोंद आवर्जून मागतात.

प्रश्न : मुलांची अ‍ॅपवर खाती काढावीत का? पालक कुरकुरतात.
– ग्रंथपाल, पुणे

उत्तर : नको. पालकांचं बरोबर आहे. 'ईबर्ड'वर वाचनालयाचं एकच खाते चालतं. मुलं कागदावर लिहितील, तुम्ही संध्याकाळी भरा. नोंदीच्या फोटोत मुलाचा चेहरा नको, ठिकाण म्हणून कुणाचं घर नको. झाडं-प्राणी फोटोसह नोंदवायचं 'आयनॅचरलिस्ट' हे अ‍ॅप वापरणार असाल तर व्हरांड्यातल्या कुंडीतलं जास्वंद 'लावलेलं' असं नोंदवा, नाहीतर ते रानटी म्हणून जातं.

प्रश्न : परदेशात ग्रंथालयं शास्त्रीय नोंदींच्या साहित्याची पेटी घरी देतात म्हणे. इथे जमेल?
– वाचक, ठाणे

उत्तर : जमेल. अमेरिकेत 'सायस्टार्टर' हे लोकसहभागाच्या विज्ञान उपक्रमांचं संकेतस्थळ आणि अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठ यांनी ग्रंथालयांसाठी अशा पेट्या तयार केल्या आहेत. तुमच्या पेटीत १०x भिंग, टेप, सिरिंज, पेन्सिल, तक्ते आणि जमलं तर ८x४० दुर्बीण एवढं पुरे. दाखल नोंदवहीत पेटीला क्रमांक द्या, मुदत सात दिवस ठेवा आणि झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवा. परत घेताना मुलासमोरच यादीप्रमाणे मोजा. हरवतं ते बहुतेक वेळा भिंगच, तेव्हा दोन जास्तीची आणून ठेवा. पावसाळ्यात दुर्बिणीला बुरशी लागते, म्हणून जून ते सप्टेंबर ती पेटीतून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.