काळ्या जमिनीवरचं अंगणाचं काँक्रीट दोन पावसाळ्यांत फुटलं. आता सहा इंच जाड घातलं तर टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत एनए प्लॉटवर घर बांधलंत, पुढे गाडी लावायला आणि बसाउठायला चार इंची काँक्रीट केलंत. दोन पावसाळ्यांत ते मधोमध फुगून तडकलं आणि घराकडची कड खाली बसली. ठेकेदार म्हणतो, उखडू, सहा इंच घालू, डबल सळई टाकू, मग हलायचं नाही. तसं करावं का?

करू नका. निदान आधी खालच्या मातीचं आणि पाण्याचं काही केल्याशिवाय नको. साधा हिशोब बघा. चार इंची काँक्रीटचं वजन एका चौरस मीटरला साधारण २५० किलो, सहा इंचीचं ३७५. म्हणजे तुम्ही जमिनीवर सव्वाशे किलो वाढवणार. खालची काळी माती ओली झाली आणि तिला फुगायला जागा मिळाली नाही, तर ती त्याच चौरस मीटरला १०-२० टनांचा रेटा सहज देते. सहा इंचही उचललं जाणार, फक्त तुकडे मोठे पडतील आणि पुढच्या वेळी फोडायला जड जाईल.

मी परभणी-नांदेड भागात घरांची कामं घेतो. धंद्यात सहा वर्षं काढल्यावर वडिलांच्या घरापुढे मी हीच चूक केली. मुलांच्या सुट्ट्या होत्या म्हणून मे महिन्यात काम धरलं. जमीन इतकी भेगाळलेली की पहार आपोआप आत जायची. त्या वाळलेल्या मातीवर वरवर मुरूम पसरला, पाच इंच काँक्रीट घातलं, सळई बांधली. ऑगस्टमध्ये फाटक उघडेना, आणि भेगेत रुपयाचं नाणं उभं राहायला लागलं. वडील काही बोलले नाहीत, रोज फाटक उचलून उघडत राहिले. ते मला अजून लागतं.

ही माती दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे पापुद्रे एकावर एक असतात, त्यांच्यात पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात, वाळले की पुन्हा मिटतात. पाऊस-उन्हाचा हा खेळ आपल्याकडे साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो. आता तुमच्या अंगणाखाली काय झालं ते बघा. काँक्रीटनं झाकल्यामुळे मधल्या मातीतली ओल वर उडून जात नाही, साठत राहते, म्हणून मधला भाग फुगला. कडा मात्र उन्हाळ्यात वाळतात, पावसाळ्यात भिजतात, वर-खाली होत राहतात. आणि घराकडची बाजू खचली तिचं कारण बहुधा वेगळंच आहे: पायाचे चर भरताना तीच काळी माती न धुमसता लोटलेली असते, आणि गच्चीचा पाइप नेमका तिथेच सोडलेला असतो. तुमच्याकडे तसं आहे का, आजच बघा.

आपल्या गावांत काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीवर केली, काळीवर नाही. आज शहराभोवतीचे सगळे एनए प्लॉट काल-परवापर्यंत कापूस-ज्वारीची शेतं होती. घर काळीवर आलंय, हे मान्य करूनच पुढचं काम करावं लागतं.

म्हणून सगळ्यात जास्त लक्ष पाण्याकडे द्या. मातीतली ओल बारा महिने जितकी सारखी राहील तितकं काँक्रीट शांत राहतं. गच्चीचं पाणी पाइपानं थेट गटारापर्यंत न्या. प्लॉटचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेनं हवा. कूलरचं, आरओचं, धुण्याचं पाणी कडेला जिरत असेल तर ते आजच बंद करा, एकाच जागी रोज मुरणारं बादलीभर पाणी एका जोरदार पावसापेक्षा वाईट. ड्रेनेजच्या पाइपाचा सांधा गळत असेल तर वर काही दिसत नाही, म्हणून चेंबर उघडून तपासा. शोषखड्डा अंगणाला चिकटून असेल तर तो हलवावा लागेल. आणि झाडं: कडुनिंब, पिंपळ, निलगिरी यांची मुळं मातीतली ओल ओढून घेतात, त्या बाजूची जमीन आक्रसते. झाड निदान त्याच्या उंचीइतकं लांब असावं. मोठं झाड आधीपासून असेल तर तोडू नका. ते गेल्यावर इतकी वर्षं वाळलेली माती पाणी पिऊन उलट फुगते.

माझी चुलतबहीण अमेरिकेत ह्यूस्टनला राहते. तिथेही दमट हवा आणि अशीच फुगणारी चिकणमाती. तिथली कितीतरी घरं जमिनीवरच्या, ताणलेल्या केबल घातलेल्या काँक्रीट स्लॅबवर उभी असतात, तरीसुद्धा उन्हाळ्यात लोक घराच्या कडेनं झिरपणारा पाइप टाकून मातीला थोडं थोडं पाणी देतात. स्लॅब एवढा मजबूत करूनही ओल त्यांना सांभाळावीच लागते.

आता खालचा थर. निदान दोन, जमलं तर तीन फूट काळी माती काढा. तिथे वाळू भरू नका. वाळूची उशी पुष्कळ जण सुचवतात, पण काळ्या जमिनीतला वाळूचा खड्डा म्हणजे हौद, पाणी त्यात साठून तळाची माती फुगवत राहतं. थोडा चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम घ्या. असा थर घालायची पद्धत मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अभ्यासून मांडली. त्यांचा थर साधारण एक मीटरचा असतो, अंगणासाठी एवढा खर्च झेपेलच असं नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. हातधुमसानं भागवू नका. चांगला मुरूम जवळपास मिळत नसेल तर काढलेल्या मातीतच चुना मिसळता येतो, कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ ते ६ टक्के. पण तो सारखा मिसळला गेला पाहिजे, फावड्यानं वरवर भुरभुरून उपयोग नाही.

माती किती फुगते हे कळायला फ्री स्वेल चाचणी करून घ्या. चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅम दोन नळ्यांत, एकीत केरोसीन, दुसरीत डिस्टिल्ड पाणी, २४ तासांनी दोन्हींतली मातीची उंची बघायची. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून फरक सरळ कळतो. फुगवटा ५० टक्क्यांच्या आत असेल तर दोन फुटांत भागेल, १०० च्या वर गेला तर तीन फुटांपेक्षा खोली कमी करू नका.

काँक्रीट स्वतः पाच इंच, एम-२० ताकदीचं पुरे. घराच्या प्लिंथला, म्हणजे जोत्याला, ते चिकटवायचं नाही, मध्ये अर्धा-पाऊण इंचाची थर्माकोल किंवा बिटुमेन बोर्डाची पट्टी ठेवा, म्हणजे अंगण हललं तरी भिंतीला ओढणार नाही. दहा बाय दहा फुटांच्या आतले, शक्यतो चौरस तुकडे पाडा. सळई तळाला पडून उपयोग नाही, वरच्या बाजूला, कव्हर ब्लॉकवर (सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर) नीट उचललेली हवी. सांध्यात एका बाजूला ग्रीस लावलेली गुळगुळीत सळई टाका, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यापेक्षा वर चढणार नाही. कटरनं सांधा पाडायचा असेल तर त्याच दिवशी, जाडीच्या पाव भागाइतका खोल. दुसऱ्या दिवसापर्यंत काँक्रीटनं आपली भेग आधीच शोधलेली असते.

पाण्याचा मोह इथेही आवरायचा. एम-२० च्या १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात सिमेंटच्या एका पोत्याला ३० लिटर ही मर्यादा आहे, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्री पसरवायला सोपं जावं म्हणून पातळ करतो. तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. वर पाणी सुटलेलं असताना कोरडी सिमेंट भुकटी मारून घोटू देऊ नका, तो थर नंतर पोपड्यांसारखा सुटतो. पहाटे सुरू करा, उन्हं चढायच्या आत संपवा. कडक ऊन आणि वारा असेल तर घोटल्यावर लगेच ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक घाला, पहिल्या दोन-तीन तासांतच बारीक केसासारख्या भेगा पडतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस सतत ओल हवी, सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. पावसाळ्यात हवा दमट म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण दोन दिवस ऊन पडलं की पृष्ठभाग वाळतोच.

वेळ: मे-जूनमध्ये करू नका. कोरडी माती सगळ्यात जास्त फुगते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, जमीन ना तुडुंब ना भेगाळलेली असते, तेव्हा धरा.

घराच्या भिंतींनाही तिरक्या भेगा पडत असतील तर गोष्ट वेगळी, पायापर्यंत जाते. मग अंगण बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी बोलवा.

तोवर एक काम करा. सध्याच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोका आणि त्यांच्यातलं अंतर महिन्यातून एकदा तारखेसह लिहून ठेवा. गच्चीचा पाइप वळवल्यानंतरही ते लिहीत राहा. ते आकडे आणि चाचणीचा निकाल इथे टाकलात तर किती खोल खणायचं हे मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.