रविवार एकटीने ओढू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. तेव्हा तू मुलांचे गणवेश इस्त्री करत होतीस, असं तूच लिहिलंस. चर्चमधली सकाळी सातची मिस्सा, मग मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, मासळीबाजार, मटण, आठवड्याचे कपडे, सासूबाईंच्या पायांना तेल, आणि रात्री वाडीत तंबू, कारण मुलांना शब्द दिलाय. सोमवारी पहाटे पुन्हा लोकल. मिस्सेत उपदेश चालू असताना डोळा लागला म्हणून तू रडलीस. शेवटी विचारलंस, "टीचर, यातलं काय सोडू? मिस्सा शनिवारी केली तर चालेल, की तंबूच नको?"

तुझी यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तीत तुझा नवरा एकदाच दिसला, गाडी बाहेर काढताना. मुलं दिसली ती शब्द घेताना. बाकी सगळीकडे तूच. काय सोडायचं हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरव, की रविवारचं कुठलंही काम एकटीने करायचं नाही. मिस्सा नाही, मटण नाही, तंबूही नाही.

शनिवार संध्याकाळच्या मिस्सेचं विचारलंस. चालते. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत ते स्पष्ट आहे. पण त्याच्या आधीच्याच कलमात दुसरंही आहे, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही: प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि तनामनाचा विसावा ज्यांनी अडेल ती कामं त्या दिवशी टाळायची. हे श्रद्धावंतांना सांगितलंय. सून श्रद्धावंतांत येत नाही का? म्हणून शनिवारची मिस्सा तू विसाव्यासाठी मागत असशील तर जरूर कर. रविवारी सकाळी मशीन लावायला दोन तास हवेत म्हणून मागत असशील, तर नको.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो जुना आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला तेव्हा शेतकऱ्यांना मोकळीक ठेवली, कारण पेरणी-लागवडीचा वाफसा कुणासाठी थांबत नाही. आपल्या वाडीवाल्यांना हे समजतं, केळीला पाणी द्यावंच लागतं. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला, आणि त्यामागे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी होती. साचे थांबले. चूल कुणी थांबवली? रविवारी तर ती दुप्पट पेटते, कारण सगळे घरी असतात.

नाताळ, ईस्टर आणि लग्नं सोडली, तर माझी आई चर्चमधल्या आमच्या बाकावर बसलेली मला आठवत नाही. ती पहाटेच्या मिस्सेला अंधारात एकटी जायची आणि परत येऊन चुलीपुढे बसायची. आम्ही वडिलांबरोबर नंतरच्या मिस्सेला, इस्त्रीच्या कपड्यांत. ते कपडे तिनेच काढून ठेवलेले असत. तिचा आवाज चांगला होता, असं तिच्या बहिणी सांगत. देवळात तिच्या शेजारी उभं राहून तो ऐकायचा राहिला तो राहिलाच. याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून लग्नानंतर मी सांगितलं, रविवारी आमच्याकडे एकच भांडं चढेल आणि मिस्सेला सगळे एकत्र जातील. परत आल्यावर कुणी कांदा चिरेल, कुणी मासळी साफ करेल, कुणी कपडे वाळत घालेल. नातेवाइकांनी खूप नावं ठेवली. टीचरच्या घरी रविवारी मांसाचं इंद्याल मिळत नाही, पाहुण्याच्या हातात विळी देतात, असं गावभर झालं. मिळत नव्हतं, खरं आहे. सणाला मिळायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून केलेलं. माझ्या मुलांना आज कपडे धुता येतात, बोंबील तळता येतात, आजारी माणसाचं अंग पुसता येतं. नावं ठेवणाऱ्यांच्या घरी जाऊन बघ. मी हट्टी होते, आहे, आणि त्या हट्टातलं काहीही मागे घ्यायला तयार नाही.

आता तंबू. तो सोडायचा नाही. सासूबाई त्याला खूळ म्हणतात ना? त्यांना बायबलमधला नहेम्याचा आठवा अध्याय वाचून दाखव. ज्यूंच्या मंडपांच्या सणाला लोक डोंगरावरून झावळ्या आणि फांद्या आणतात आणि आपापल्या धाब्यांवर, अंगणांत मांडव घालून राहतात. सगळे मिळून राहतात, हे त्यांना सावकाश वाचून दाखव.

फक्त रात्र बदल. रविवारऐवजी शनिवारी लाव, म्हणजे सोमवारची लोकल तुझ्या उशाशी येऊन बसणार नाही. उजेड असतानाच उभा करा. माडाखाली नको, नारळ पडायला वेळ-काळ लागत नाही. बावखलाच्या पाण्याजवळही नको, तिथे ओल आणि डास दोन्ही. जागा आधी झाडून काढा, पालापाचोळा, लाकडं, विटा बाजूला करा. तळ शिवलेला तंबूच घ्या आणि चेन रात्रभर पूर्ण लावलेली ठेवा. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. मुलांना हे घाबरवून नको, पण नीट सांग. पायताणं आत ठेवा. रात्री लघवीला जायचं तर बॅटरी घेऊन, मोठ्या माणसाबरोबर. मच्छर अगरबत्ती आणि चूल तंबूत अजिबात नको. जाळीच्या खिडक्या उघड्या राहू देत, नाहीतर श्वासाच्या वाफेने पहाटे आतून पाणी ठिबकतं. थंडीत दवही भरपूर पडतं, तेव्हा वरचं कापड ताणून बांधा. खायला निखाऱ्यात भाजलेली रताळी आणि सुकेळी पुरे. डबे भरत बसलीस तर मी येऊन परत रिकामे करीन.

खुंट्या नवऱ्याने ठोकायच्या, दोऱ्या मुलांनी बांधायच्या, सैल बांधल्या तर त्यांनीच पुन्हा बांधायच्या. तू अंथरूण घाल आणि बस. बसणं तुला जमणार नाही, मला माहीत आहे. तरी बस.

आणि तंबू वाळवून घडी घालायचं काम रविवारी दुपारी सगळ्यांचं. हे मुद्दाम लिहिते, कारण घराघरांत मजा सगळ्यांची असते आणि आवरणं एकीचं. तिथेच तुझा रविवार गेला, पोरी. मिस्सेने नाही नेला, तंबूनेही नाही.

सासूबाईंच्या तेलाचं काम धाकट्याला दे. त्याचे हात लहान आहेत म्हणशील, पण त्यांना नातवाचा हात हवाच आहे. इस्त्री नवऱ्याची. शर्टाला एखादी जादा घडी पडली तर पडू दे, तू पुन्हा फिरवायची नाहीस. फिरवलीस की पुढच्या रविवारी ती इस्त्री तुझ्याकडे परत आलीच समज.

हे पत्र त्यालाही वाचायला दे. तो माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात होता, वाईट मुलगा नव्हता, फक्त त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी मिस्सेनंतर मी त्यालाच विचारणार आहे, तुला नाही.

तुझी,
टीचर